पाचवं वाद्य

कुडाळच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब तेरसे माइक हातात आला की तासभर सोडत नसत. ऋता केळुसकरनं क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि तबल्यासाठी बारा मिनिटांची नवी रचना बांधली होती. तालमीला येऊन नानासाहेब म्हणाले, "ही अर्धी करा. माझ्या भाषणाला वेळ हवा."

वर्षभराची मेहनत! पण ऋता हसली. "त्यापेक्षा भाषणच रचनेत घेते. पाचवं वाद्य तुम्ही, आणि सुरुवातही तुमचीच."

नानासाहेब फुलून गेले. तिनं दिलेला कागद त्यांनी न वाचताच खिशात घातला.

कार्यक्रमात त्यांची तीन मिनिटं झाली, ऋतानं हात उचलला आणि चारही वाद्यं घुमली. नानासाहेबांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, रचना मात्र पुरी झाली. टाळ्या थांबेनात.

"मला मध्येच तोडलंत!" विंगेत ते गरजले.

"तोडलं कुठे, साहेब? कोणी कुठे थांबायचं ते कागदावर आहे. चेलोला एकट्याला एकच मिनिट मिळालं, तो ओरडतोय का?"

तेवढ्यात मंडळाचे जुने श्रोते सावंत गुरुजी आत आले. "नानासाहेब, बावीस वर्षांत तुमचं भाषण आज पहिल्यांदा जागेपणी ऐकलं!"

नानासाहेबांनी शाल सावरली. "ऋताताई, पुढच्या रचनेत माझी किती मिनिटं? दोन असली तरी चालतील."