येतो म्हणणाऱ्यांचा उंबरठा

एका राज्यात, राजा वज्रसेनाच्या कारकिर्दीचे सतरावे वर्ष, शिशिर ऋतू, माघ वद्य पंचमीच्या सकाळी नगारखान्यातले पाच नगारची कामावरून काढले गेले. सहावा सुभानजी तेवढा ठेवला. माणसे पाच गेली. काम तसूभरही कमी झाले नाही.

काम असे होते. राजाच्या तळघरात सोन्याची रास होती. दरबारचा मांत्रिक कालकेतू याने ती कोळशातून केली होती, आणि तिला शाप होता. महाद्वारावरचा नगारा घटकाभराहून अधिक गप्प राहिला, तर रास पुन्हा कोळसा होणार. सहा नगारची पाळीने वाजवत तोवर ठीक होते. आता कालकेतूने सुभानजीच्या मनगटांना ताईत बांधले. माणूस पेंगला तरी हात चालत. राजाला ही युक्ती फार आवडली. हातांना झोप लागत नाही, तर माणसाला कशाला लागावी, असे तो भर दरबारात म्हणाला, आणि दरबार हसला.

सुभानजीचा उजवा कान गेला. वैद्याने सांगितले, "पाडव्यापर्यंत वाजवलेस तर डावाही जाईल. मग बायकोची हाक तुला या जन्मी ऐकू येणार नाही."

सुभानजी राजापुढे गेला. ताईत सोडून ठेवले आणि म्हणाला, "नोकरी सोडतो. येतो, महाराज." महाद्वाराचा उंबरठा ओलांडला, आणि पाऊल टेकले ते नगाऱ्यापुढे. ताईत मनगटांवर होते. हात चालू लागले होते.

दुसऱ्या वेळी तो राजाला न सांगता निघाला. दारावर रखमाजी चोपदार उभा होता, जुना सोबती. त्याला म्हणाला, "येतो रे." पुन्हा नगाऱ्यापुढे.

तिसऱ्या वेळी तो कोणाशी बोललाच नाही. पण ज्या नगाऱ्यावर हयात घालवली त्याला न विचारता कसे निघावे? नमस्कार केला आणि पुटपुटला, "येतो बाबा." झाले. पुन्हा तेच.

तेव्हा नगारखान्याच्या कोनाड्यातली साळुंकी त्याच्या डाव्या खांद्यावर येऊन बसली.

"निघताना काय म्हणतोस?" तिने विचारले.

"येतो म्हणतो. भल्या माणसाने तसेच म्हणावे."

"म्हणून येतोस. त्या उंबरठ्याखाली कालकेतूचा मंत्र पुरला आहे. तो माणसाचा शब्द धरून ठेवतो."

"मग ते पाच परत कसे आले नाहीत?"

"ते येतो कुठे म्हणाले? शिव्या देत गेले."

"हे आधी सांगायला काय झाले होते?"

"पंधरा दिवस सांगते आहे. उजव्या खांद्यावरून."

सुभानजी ओशाळला. "तुझे उपकार झाले. काय देऊ?"

"या गोंगाटात माझाही डोळा लागलेला नाही. तुला नवी नोकरी लागेल, तिथली तुझी पहिली झोप मला दे. मी निजेन, तू जागा राहा."

महिनाभर न निजलेल्या माणसाकडे तिने नेमके तेच मागितले. सुभानजी म्हणाला, "दिली."

सकाळी बायको सगुणा हिला पुढे पाठवून तो महाद्वाराशी आला. राजा आणि कालकेतू तिथेच उभे होते.

राजा म्हणाला, "थांब. पाच माणसे परत घेतो."

"माघातही हेच म्हणाला होतात, महाराज."

"मी तुला घडवले."

"माझा कान परत द्या, मग घडवल्याचे बोलू."

कालकेतू गोड आवाजात म्हणाला, "जाऊ द्यावे, महाराज. सुभानजी, निघ. पण रीत सोडू नकोस. चार शब्द नीट बोलून निघ."

सुभानजीने ताईत उतरवून राजाच्या हातात ठेवले आणि उंबरठ्याशी उभा राहिला. "महाराज," तो म्हणाला, "मी जातो."

रखमाजीने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "अरे, असे बोलू नये. अभद्र असते ते. येतो म्हण गड्या."

सुभानजीने तो हात बाजूला केला. "रखमाजी, चांगले बोलून तीनदा परत आलो. जातो. जातो. जातो."

उंबरठ्याचा दगड मधोमध तडकला. सुभानजी पलीकडे गेला आणि पलीकडेच राहिला.

ताईत बांधून घ्यायला कोणी पुढे झाले नाही, तेव्हा राजाने ते स्वतःच्याच मनगटांना बांधले. राजाचे हात चालू लागले. तिसऱ्या दिवशी त्याने किंचाळून ताईत तोडले. घटका सरली आणि तळघरात कोळसा उरला. कालकेतू त्या कोळशाच्या धुळीत काळा होऊन कुठे नाहीसा झाला ते कळले नाही. राजाने काढलेल्या पाचांना बोलावून आणले, दिवसातून दोन वेळा नगारा वाजवायचा असा हुकूम केला, आणि राज्य मार्गाला लागले. तेव्हापासून तिथून निघणारा माणूस निर्धास्त येतो म्हणू लागला, आणि वाटले तरच येऊ लागला.

सुभानजी आणि सगुणा नदीपलीकडे राणी मृगावतीच्या राज्यात पोचली. राणीने तीन प्रश्न विचारले.

"काय येते?"

"नगारा वाजवता येतो."

"आणखी काय येते?"

"थांबवता येतो."

"आधीची चाकरी का सोडली?"

"बायकोची हाक ऐकायची होती म्हणून."

राणी म्हणाली, "इथे सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला नगारा होतो. मधला दिवस तुझा."

सूर्योदयाचा नगारा वाजवून सुभानजी खाली उतरला. सगुणेने ओसरीवर घोंगडी पसरून ठेवली होती. ती म्हणाली, "आता आडवे व्हा. डोळे बघा कसे झालेत."

इतक्यात साळुंकी आली. घोंगडीच्या मधोमध बसली आणि पंखात मान घातली.

सुभानजी भिंतीला टेकून दिवसभर जागा बसला. सगुणेला त्याने आवाज करू दिला नाही. सूर्यास्ताच्या नगाऱ्याची वेळ झाली तेव्हा साळुंकीने मान वर काढली, पंख झाडले आणि म्हणाली, "फिटले."