चाळीस प्रश्नांची वही

धुमाळ सर साताऱ्यात 'प्रवासाचं इंग्रजी' शिकवत आणि आपण दहा वर्षं लंडनला काढली, हे उठता-बसता ऐकवत. लेकीच्या बाळंतपणासाठी एकटीच तिकडे निघालेल्या शेवंताबाईंना मात्र या माणसाचा पहिल्या दिवसापासून संशय होता.

सरांनी वहीत चाळीस वाक्यं उतरवून दिली: गेट कुठे आहे, बस कधी सुटते, माझी बॅग कुठे गेली. मग छाती फुगवून म्हणाले, "एवढ्यावर माझी दहा वर्षं निभावली. काही शंका?"

"एकच," शेवंताबाई म्हणाल्या. "हे सगळे प्रश्नच आहेत. समोरचा काय सांगेल, ते एकदाही लिहिलेलं नाही. दहा वर्षांत तुम्हाला तिथं कुणी उत्तरच दिलं नाही का, सर?"

सर वळून फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.