बाईमाणूस

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्याच्या टोकाला, खाडीच्या मुखाशी एक गाव होते. टेकडीवर छोटा किल्ला होता आणि टेकडीच्या पायथ्याशी चुन्याने रंगवलेले पांढरे चर्च.

समुद्रावरून अधूनमधून चाचे येत. म्हणून राजाने नियम केला होता : चर्चची घंटा अवेळी वाजली, की प्रत्येक घरातून एक माणूस किल्ल्याच्या तटावर हजर झाला पाहिजे. माणूस म्हणजे पुरुष, असे सगळेच धरून चालले होते.

तटावरून गोफणीने दगड मारत. गंमत अशी, की गावात गोफण खरी चाले ती बायकांची. भात पिकू लागले की त्या शेतातल्या माळ्यावर उभ्या राहून पाखरे उडवीत. कणसाला धक्का न लावता त्यांचा दगड बरोबर पाखराच्या पुढ्यात पडे. पुरुषांचे दगड मात्र बऱ्याचदा नुसतेच समुद्रात पडत.

या गावात फिलू नावाची मुलगी राहत होती. वडील नव्हते. घरात आई, मोठा भाऊ जुजे आणि ती. त्यांच्या घरातून तटावर जुजे जाई. मागच्या हल्ल्यात त्याने एकाला डोळ्यांदेखत मरताना पाहिले होते. तेव्हापासून साधी प्रार्थनेची घंटा झाली तरी त्याच्या हातातला घास तसाच राही. तो कुणाला काही बोलला नव्हता. पण फिलूने ते पाहिले होते.

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर ती धीर करून पुढे गेली.

"पाद्रीबाबा, पुढच्या वेळी मीही तटावर जाऊ का? दादाच्या सोबतीला?"

मागे पुरुष हसले. एकजण म्हणाला, "चाच्यांना पाखरं समजलीस होय गं?"

"पाखरू अवघड असतं, काका," फिलू म्हणाली. "ते मुठीएवढं असतं. तुमचा चाचा तर होडीत उभा असतो."

आता बायका हसल्या. पाद्रीबाबांनी हात वर केला. ते प्रेमळ होते. त्यांचा आवाजही प्रेमळ होता.

"बाळ, ज्या हातांनी जीव वाढवायचे, त्यांनी जीव घेऊ नयेत. प्रभूने आपल्या माणसांसाठी स्वतःचा प्राण दिला. तसा पुरुषाने आपल्या आईसाठी, बायकोसाठी, बहिणीसाठी द्यावा. आपली शिकवण अशी आहे."

"आमेन!" सगळे पुरुष एकदम म्हणाले. इतके मोठे आमेन त्या चर्चने कधी ऐकले नव्हते. पाद्रीबाबांना फार बरे वाटले.

फिलूला ती शिकवण वाईट वाटली नाही. उलट आवडली. पण प्रभूने ती अर्ध्याच लोकांसाठी का ठेवली असेल, हे तिला कळेना.

पुढे राजा तट पाहायला आला, तेव्हा तिने त्यालाही विचारले. राजा म्हणाला, "मुली, नियमात 'एक माणूस' म्हटलंय. तू तर बाईमाणूस."

"महाराज, त्यातला अर्धा शब्द तर 'माणूस'च आहे की."

राजा हसला. मग हसता हसता थांबला. त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली : माणूस म्हणजे पुरुष आणि बाई, दोन्ही. ज्या बाईची इच्छा असेल तिलाही तटावर उभे राहता येईल. मान सारखा, अन्न सारखे.

पुरुष चिडले. धर्म बुडाला, घराण्याची अब्रू गेली, असे ते बाजारात, पाणवठ्यावर, भेटेल त्याला सांगू लागले. फिलूने मात्र गोफणीला नवी दोरी वळली.

आणि एका भर दुपारी, भरतीच्या पाण्याबरोबर चाच्यांच्या होड्या खाडीत शिरल्या. घंटा वाजली.

फिलूने पदर खोचला. "चल, दादा."

जुजे दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर बसला.

"दादा?"

"नियम काय आहे?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "घरातून एक माणूस. आता तूही माणूस आहेस ना? मग झालं तर. एक माणूस गेलं."

"मी तुझ्यासोबत येते म्हटलं होतं."

"हक्क मागितलास ना? मग जा आता."

"अरे जुजे," आई आतून म्हणाली, "काय बोलतोयस तू?" पण जुजे उठला नाही.

फिलू एकटीच बाहेर पडली. तिला वाटले, अशी लाज फक्त आपल्याच घरावर आली आहे. तिने मान खाली घातली आणि झपाझप चालू लागली. गल्लीच्या वळणावर तिने वर पाहिले. प्रत्येक दारातून एक बाई बाहेर येत होती. कुणाच्या हाताला अजून पीठ होते. बंद दारांमागून आवाज येत होते : "समान म्हणजे समान!" "आता कळू दे!" आमेन म्हणणारेच ते आवाज होते.

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. आपल्या माणसाबद्दल काय बोलायचे?

त्या चढून गेल्या आणि लढल्या. दगड शेतात पडत तसेच नेमके पडले. संध्याकाळच्या आत होड्या माघारी फिरल्या. पण चाच्यांचेही दगड वर आले होते. गावच्या नावाड्याच्या बायकोने तटावरच प्राण सोडला. फिलूचा उजवा हात मनगटापाशी चिरडला.

त्या गावात एक रीत होती. लढून आलेली माणसे चर्चच्या पायऱ्यांवर बसत आणि घरी राहिलेली माणसे त्यांचे पाय धूत. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ती आठवण. आजवर पाय पुरुषांचे असत आणि पाणी बायका आणीत.

त्या दिवशी बायका पायऱ्यांवर बसल्या. समोरचे अंगण मोकळे होते. पाणी घेऊन कुणी आले नाही.

थोडा वेळ गेला. मग एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सवयीने स्वतःच विहिरीकडे निघाली.

"आजी, बसा," पाद्रीबाबा म्हणाले. त्यांनी कमरेला पंचा बांधला, स्वतः पाणी आणले आणि म्हातारीच्या पायाशी गुडघे टेकले.

"मी पुरुषांना प्राण द्यायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्यांनी त्यातलं तुम्हाला अडवायचं तेवढंच उचललं. ते त्यांना किती आवडतंय, हे मला दिसत होतं. आणि मला त्यांचं आमेन गोड लागत होतं."

म्हातारीने पाय पुढे केला.

तेव्हा कुठे एकेक दार उघडले. पुरुष भांडी घेऊन आले. कुणी कुणाकडे बघत नव्हते. नावाडी रिकाम्या पायरीपुढे पाणी घेऊन उभा राहिला. त्याला 'खाली बस' म्हणायलाही कुणाला धीर झाला नाही.

जुजेने घंगाळ फिलूपुढे ठेवले. तो तिच्या पायांवरचा चिखल धूत राहिला. पाय स्वच्छ झाले तरी धूत राहिला. वर पाहिले असते तर तिचा हात दिसला असता.

"मी भित्रा आहे, फिलू," शेवटी तो म्हणाला.

"ते मला ठाऊक होतं, दादा. म्हणून तर सोबत येते म्हणाले होते." ती म्हणाली. "मला तुझी जागा नको होती. तुझ्या शेजारची हवी होती."

फिलूच्या हाताने पुन्हा गोफण धरली नाही. राजाने नियम बदलला नाही, कारण खोट नियमात नव्हती. पुढे जेव्हा जेव्हा घंटा वाजली, तेव्हा त्या गावातून पुरुष आणि बायका बरोबर निघाल्या. जुजे सगळ्यांच्या आधी पोचे. पण वाटेत कुणी "शाबास" म्हटले, तर तो मान खाली घालून चालू लागे.

दुसऱ्याला हक्क मिळाला म्हणून आपले कर्तव्य त्याच्या अंगावर टाकून घरी बसणे, ही समता नव्हे. तो फक्त भित्रेपणा आहे.