धोंडूची ताजी साक्ष

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव धोंडू. भोळा हा आपला चारचौघांत वापरायचा शब्द. होता तो अकलेचा कांदा. त्याची बायको सगुणा. तिचा एक मावसभाऊ होता, रंगराव. लग्नात तो कुणालाच दिसला नव्हता. आता मात्र धोंडू शेतावर गेला की रोज दिसायचा.

एकदा धोंडू भरदुपारी घरी आला. पाहतो तर रंगरावाचं डोकं सगुणेच्या मांडीवर.

"उवा बघतेय त्याच्या!" सगुणा कडाडली. "घरात शिरताना बाप्या माणसानं खाकरावं, एवढंबी कळत न्हाई तुमाला?"

"चुकलं," धोंडू म्हणाला.

शेजारी त्याची थोरली बहीण राहायची, आक्का. भावासाठी तिचा जीव तीळतीळ तुटायचा. ती म्हणाली, "अरे खुळ्या, उद्या गुपचूप जा अन् दोघांना धर."

धोंडू चवड्यांवर चालत गेला आणि दाराशी पोचताच दणकून खाकरला. रंगराव परसदारानं पसार झाला.

"मुडद्या!" आक्का ओरडली. "मुकाट ऐकायचं. काय वाट्टेल ते होवो, तोंड उघडायचं न्हाई!"

तिसऱ्या दिवशी धोंडू भिंतीला कान लावून बसला. आत रंगराव सांगत होता, "आज खिरीत विष घाल. जरा जास्तच घाल, बैल हाय त्यो."

संध्याकाळी सगुणेनं खीर वाढली. धोंडू तोंड उघडेना. तिनं लाडीगोडी लावली, घास भरवून पाहिला. दात घट्ट. शेवटी खीर मांजरानं चाटली आणि मांजर मेलं. शहाणं मांजर गेलं, हा राहिला. देवाघरचा न्याय असाच असतो.

सकाळी हे ऐकून आक्कानं कपाळ बडवलं. "अरे, तवाच सांगायचं की! बातमी ताजी असताना सांगावी, शिळी कोण ऐकतंय? चल चावडीवर. पाटलाम्होरं सांग, न्हाईतर आज मरशील."

दोघं निघाली. सगुणाही गळा काढून मागं निघाली. साऱ्या वाटेनं तिचा एकच धोशा, "विष आक्कानं घातलं! मला बदनाम करायला घातलं!"

चावडीवर पाटलांनी विचारलं, "धोंडू, काय ऐकलंस?"

धोंडूनं विचार केला. रंगरावाचं बोलणं कालचं, म्हणजे शिळं. ताजं ते वाटेवरचं.

"विष आक्कानं घातलं!" त्यानं ठणकावून सांगितलं.

पंचांनी आक्काला गावाबाहेर काढलं. धोंडू तिला वेशीपर्यंत पोचवायला गेला.

"बघ आक्का," तो म्हणाला, "अगदी ताजं सांगितलं!"

आक्काला रडूही येईना. धोंडू शाबासकीची वाट पाहत थोडा वेळ उभा राहिला. मग भूक लागली म्हणून सगुणेच्या हातचं जेवायला घरी पळत सुटला.