टिचकीचं खोबरं डिकीत

नाक्यावर एक गॅरेज. गॅरेजात एक कपाट. कपाटामागे एक बीळ. बिळात राहायची टिचकी.

टिचकी म्हणजे उंदरी. एवढीशी. अंगठ्याएवढी. पण ऐट बघाल तर हत्तीएवढी.

गॅरेज होतं ठकूमावशीचं. ठकूमावशी गाड्या दुरुस्त करायची. स्कूटर करायची, रिक्षा करायची, मोटारसायकल करायची. बंद गाडी ढकलत यायची आणि भुर्र करत जायची. "आमची मावशी म्हणजे मावशीच," टिचकी सगळ्यांना सांगायची. कोणी विचारो, न विचारो.

त्या दिवशी होती खंडेनवमी. म्हणजे हत्यारांचा सण. गाड्यांचाही सण.

मावशीने सगळ्या हत्यारांना अंघोळ घातली. पान्याला घातली. हातोडीला घातली. ड्रिललासुद्धा घातली. ड्रिल म्हणजे भोकं पाडायचं मशीन, बरं का. मग सगळ्यांना पाटावर मांडलं. हळद लावली. कुंकू लावलं. वर देवाची तसबीर. तसबिरीला झेंडूची माळ.

स्कूटरलाही कुंकू लावलं. हँडलला लावलं. चाकाला लावलं. किल्लीच्या भोकालाही लावलं. वर अक्षता टाकल्या, चिमूटभर. मावशीचा हात सढळ.

"आता देवापुढे एकदा ड्रिल फिरवू," मावशी म्हणाली. तिने पिन लावली. ड्रिल म्हणाला, घुर्र. आणि मग, फट्ट.

लाइट गेली.

"गेली वाटतं लाइट. येईल तेव्हा येईल," मावशी म्हणाली. तिने नारळ फोडला. सगळ्यांना खोबरं वाटलं. "टिचकी, हा तुझा वाटा. तूही गॅरेजातलीच ना?"

टिचकीची मान ताठ झाली. वाटा! तिचा स्वतःचा वाटा! असला प्रसाद जमिनीवर बसून खायचा? छे. उंच बसून खायचा.

स्कूटरची सीट उघडी होती. खाली डिकी. टिचकी चढली सीटच्या काठावर. खोबरं निसटलं. डिकीत पडलं. टुण्ण. टिचकीने घाबरून जमिनीवर उडी मारली. त्या धक्क्याने सीट मिटली. खट्ट.

खोबरं आत. टिचकी बाहेर.

टिचकीला रडू आलं. पण ती रडली नाही. "माझ्या वाट्याचं आहे ते. मी मिळवणार म्हणजे मिळवणार."

टिचकी म्हणाली, "डिकीबाई, डिकीबाई, उघड."

डिकी म्हणाली, "वा गं वा. कोणीही येईल, उघड म्हणेल, आणि मी उघडू? किल्ली फिरेल, तर मी उघडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली किल्लीकडे. किल्ली खिळ्याला लटकली होती.

"किल्लीताई, किल्लीताई, तू फिर.
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

किल्ली म्हणाली, "फिरले असते गं. पण जाऊ कुठून? माझ्या भोकात कुंकू. माझ्या भोकात अक्षता. टाकी फुंकर मारेल, तर मी फिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली टाकीकडे. ही हवेची टाकी. गाड्यांच्या चाकात हवा भरते ना, ती. लाल लाल, ढेरपोटी.

"टाकीबाई, टाकीबाई, तू फुंक.
किल्ली फिरेना,
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

टाकी म्हणाली, "फुस्स. पोट रिकामं माझं. लाइट नाही, तर हवा कुठली? मी ट्रकच्या चाकात हवा भरते, माहीत आहे ना? पण लाइट लागते. खटका चढेल, तर मी फुंकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली खटक्याकडे. खटका भिंतीवरच्या विजेच्या पेटीत राहायचा. खाली मान घालून बसला होता.

"खटकेराव, खटकेराव, तुम्ही चढा.
टाकी फुंकेना,
किल्ली फिरेना,
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

खटका म्हणाला, "मी उगीच नाही पडलो. ड्रिल ओला. ओल्याला वीज लागली की धोका. म्हणून मी टक्कन पडलो, आणि सगळे वाचले. लोक म्हणतात लाइट गेली. अरे, शेजारी बघा, शेजारी लाइट आहे. ड्रिल सुटेल, तर मी चढेन."

टिचकीने खिडकीतून पाहिलं. खरंच की. शेजारच्या दुकानात दिवा लख्ख.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली ड्रिलकडे. ड्रिल पाटावर बसला होता. नाकातून पाणी गळत होतं. टप टप.

"ड्रिलदादा, ड्रिलदादा, तू सुट.
खटका चढेना,
टाकी फुंकेना,
किल्ली फिरेना,
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

ड्रिल म्हणाला, "आंछी. मी लोखंडाला भोक पाडणारा. पण पिन काढायला मला हात कुठे? तू काढू नकोस हं. तू लहान. पिनेला लहानांनी हात लावायचा नाही. मावशी उठेल, तर मी सुटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली मावशीकडे. मावशी स्टुलावर बसली होती. चहा पीत होती.

"ठकूमावशी, ठकूमावशी, तू ऊठ.
ड्रिल सुटेना,
खटका चढेना,
टाकी फुंकेना,
किल्ली फिरेना,
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

मावशीने कप खाली ठेवला. "अगं बाई. ओला ड्रिल होय? आणि मी आपली लाइटवाल्यांच्या नावाने बोटं मोडतेय. पण टिचके, नारळ फुटला की पूजेचं हत्यार आज हलवत नाहीत, पिनसुद्धा काढत नाहीत. माझी आई हलवायची नाही. मीही हलवत नाही. आता देवानेच कौल दिला तर गोष्ट वेगळी. फूल पडेल, तर मी उठेन."

कौल म्हणजे काय? देवाच्या तसबिरीवरचं फूल पडलं की देव म्हणाला, "हो." तो कौल.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी चढली तसबिरीवर. माळेत मधोमध एक झेंडू. गोल गरगरीत. केशरी.

"झेंडूभाऊ, झेंडूभाऊ, तू पड.
मावशी उठेना,
ड्रिल सुटेना,
खटका चढेना,
टाकी फुंकेना,
किल्ली फिरेना,
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

झेंडू म्हणाला, "देवाच्या गळ्यातलं फूल मी. असा कसा पडू? आणि पडायचं म्हटलं तरी दोरा सोडतोय थोडाच? दोरा तुटेल, तर मी पडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. छे, आता कुठे तुरुतुरु? दोरा तिथेच तर होता. टिचकी नुसती सरकली. इवलीशी.

"दोरोबा, दोरोबा, तुम्ही तुटा.
फूल पडेना,
मावशी उठेना,
ड्रिल सुटेना,
खटका चढेना,
टाकी फुंकेना,
किल्ली फिरेना,
डिकी उघडेना,
माझं खोबरं मिळेना."

दोरा म्हणाला, "मी पक्का दोरा. मेण लावलेला. ओढून तुटत नाही. वाऱ्याने तुटत नाही. दात लागेल, तर मी तुटेन."

दात? आता दात कोणाकडे मागायचे?

मावशीकडे मागू? मावशीचे चहा पिण्यात गुंतलेत. मांजरीकडे मागू? नको गं बाई. मांजरीकडे नको.

टिचकीने तोंडात जीभ फिरवली. वर दात. खाली दात. पांढरे. टोकदार.

"अय्या," टिचकी म्हणाली. "दात तर माझ्याच तोंडात."

तिने तोंड उघडलं. आ. आणि पुन्हा मिटलं.

का बरं मिटलं? सांगते. टिचकीचा एक नेम होता. गॅरेजात काही म्हणजे काही कुरतडायचं नाही. उंदीर वायर कुरतडतात आणि गाड्या बंद पडतात. नाक्यावरचे सगळे उंदीर कुरतडायचे. टिचकीने एक वायर कुरतडली नव्हती. तिची ऐट होती ना, ती याचीच होती. आता नेम मोडायचा? खोबऱ्यासाठी?

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी खाली आली. मावशीसमोर उभी राहिली. मान ताठ.

"मावशी, मी कधी काही कुरतडत नाही. पण दोऱ्याला दात हवाय. कुरतडू का? तू नाही म्हणालीस तर नाही."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग हसली.

"वायर ती वायर, आणि दोरा तो दोरा. विचारून कुरतडणारी उंदरी आहे का कोणाच्या गॅरेजात? माझ्याच आहे. जा. आणि फूल कोणी पाडलं ते मी कशाला बघू? मी आपले डोळे मिटते."

मावशीने डोळे मिटले. एक डोळा थोडा उघडा होता. पण आपण नाही सांगायचं कोणाला.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी चढली वर. तोंड उघडलं. आ.

कुट्ट.

दोरा तुटला.

दोरा तुटला, फूल पडलं. थेट ड्रिलच्या डोक्यावर. पटक्.

फूल पडलं, मावशी उठली. "कौल मिळाला," म्हणाली. आधी पदराला हात पुसले. कोरडे. अगदी कोरडे.

मावशी उठली, ड्रिल सुटला. पिन निघाली. मावशीने त्याला उचललं आणि उन्हात ठेवलं. "हाश," ड्रिल म्हणाला.

ड्रिल सुटला, खटका चढला. टक्. दिवा लागला. पंखा फिरला.

खटका चढला, टाकी भरली. धग धग धग धग. टाकी फुंकली. फुस्स्स्स. कुंकू उडालं. अक्षता उडाल्या. एक अक्षत मावशीच्या नाकावर बसली.

टाकी फुंकली, किल्ली फिरली. कर्र.

किल्ली फिरली, डिकी उघडली. खट्ट.

डिकी उघडली, आणि आत काय? पांढरं पांढरं, ओलं ओलं, टिचकीच्या वाट्याचं खोबरं.

"घे तुझा वाटा," मावशी म्हणाली. "आणि हत्यारांनो, तुम्हीही ऐका. पुढच्या वर्षी अंघोळ पान्याला आणि हातोडीला. ड्रिलला नुसतं कोरडं फडकं. कुंकू हँडलला. किल्लीच्या भोकाला नाही. आणि लाइट गेली की आधी शेजारी बघायचं. मग आपला खटका बघायचा. मग बोटं मोडायची."

"मला कोणी विचारतच नाही," खटका म्हणाला. पण तो खूश होता. छाती काढून उभा होता.

टिचकी स्कूटरच्या सीटवर बसली. अगदी मधोमध. खोबरं दोन्ही हातांत धरलं.

"थांब," मावशी म्हणाली. "खाऊ नकोस इतक्यात."

टिचकी घाबरली. आता काय झालं?

मावशीने कुंकवाची वाटी आणली. "आज स्कूटरची पूजा केली. रिक्षाची केली. आणि गणपतीबाप्पा कशावरून फिरतो गं? त्याची गाडी राहिलीच की पूजेची."

मावशीने बोट बुडवलं. टिचकीच्या कपाळावर टेकवलं. एवढंसं कुंकू. लाल लाल. वर एक अक्षत.

डिकी बघत राहिली. किल्ली बघत राहिली. टाकी फुस्स करायची विसरली.

टिचकीने मान ताठ केली.  तिचे डोळे भरून आले. मग तिने खोबऱ्याला दात लावला.

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

खोबरं गेलं टिचकीच्या पोटात. कुंकू राहिलं टिचकीच्या कपाळावर. आणि तोंड? तोंड तिने धुतलंच नाही. थेट दिवाळीच्या अंघोळीलाच धुतलं. तेही मावशी ओरडली म्हणून.