न हरणारा डेक

"आपा, या डेकला हरवणारा कुणी उरला नाही. मग मला अजून काय शिकायचंय?"

शार्दूल बोल्लीने विचारलं, तेव्हा हॉल भरलेला होता. प्रत्येक टेबलावर डाव रंगला होता.

नसीमा अत्तार खिडकीपाशी बसून जुन्या पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं चढवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"शिकायचं काही उरलं नसेल, तर विचारतोस कशाला?"

"कारण तुम्ही काहीतरी राखून ठेवलंय. शेवटचं असं काहीतरी."

सोलापुरात 'दुर्गरण' हा खेळ आणला तो आपांनी. शेकडो पत्त्यांतून निवडून प्रत्येकाने आपापला डेक बांधायचा, हवा असलेला पत्ता दुसऱ्याशी अदलाबदल करून मिळवायचा, आणि डाव मांडून समोरच्याचे तीन किल्ले पाडायचे. तरुणपणी आपा हा खेळ परदेशात जाऊन खेळल्या होत्या. आता साखर पेठेतल्या एका कापड दुकानावरचा हॉल त्या दर रविवारी उघडत. कॉलेजची पोरं यायची, नोकरदार यायचे, नवराबायको जोडीने यायचे.

या सगळ्यांत शार्दूल हुशार. त्यालाही ते माहीत होतं.

पुण्यातली राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. तेव्हापासून त्याने हॉलमध्ये खरा डेक काढणंच बंद केलं होतं. कुणी पत्ता मागितला तर "नाही" म्हणायचा. घरी बसून ऑनलाइन खेळायचा, तेही खोट्या नावाने. तिथे तो एकदाही हरला नव्हता.

"डेक दे," आपा म्हणाल्या.

"इथे? सगळ्यांसमोर?"

आपांनी फक्त हात पुढे केला.

त्याने खिशातून डबी काढली. देताना त्याची बोटं जरा रेंगाळली.

"लावण्या, इकडे ये. हा घे. याच्याशी खेळ."

लावण्या चिप्पा एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची. बहुतेक रविवारी हरायची, आणि हरताना सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं हसायची.

शार्दूलच्या हातात आपांनी नवशिक्यांचा डेक ठेवला. कडा झिजलेला.

"आपा, हा तर शिकाऊ पोरांचा आहे."

"हो."

बाकीचे डाव थांबले. खुर्च्या सरकल्या. दोघांभोवती कोंडाळं जमलं.

शार्दूलचा डेक वेढ्याचा होता. सुरुवातीला हल्ला करायचाच नाही. समोरच्याच्या मधल्या किल्ल्याभोवती वेढा आवळत न्यायचा, त्याची रसद तोडायची, आणि तो पुरता दमला की एका फटक्यात सगळं पाडायचं. लावण्याने पत्ते मांडले. चुकत चुकत का होईना, वेढा आवळत आला.

शार्दूलच्या हातात धड एक पत्ता नव्हता. पण सगळे बघत होते. शिकाऊ डेक घेऊन आपल्याच डेकपुढे हरायचं? तेही लावण्याकडून?

त्याने हातातले पत्ते उलटसुलट लावून पाहिले. मग त्याने आपला मधला किल्ला आपणच सोडून दिला. उचलला आणि बाजूला ठेवला. नियमात ते बसत होतं, पण करत कुणी नसे.

वेढ्यात किल्लाच उरला नाही. लावण्याचे सगळे पत्ते रिकाम्या जागेभोवती उभे राहिले. तिला काय करावं कळेना. बघता बघता तिचे तिन्ही किल्ले गेले.

"जिंकलो!" शार्दूल उभाच राहिला.

"हरला कोण?" आपांनी विचारलं.

"लावण्या."

"डेक कुणाचा?"

"माझा. पण आपा, तिला तो खेळता येत नाही म्हणून."

"मग शिकव."

"आत्ता?"

"आत्ता. आम्ही थांबतो."

दात आवळून त्याने शिकवलं. कुठला पत्ता कधी, कुठला मागे ठेवायचा, घाई कुठे करायची नाही. लावण्या हसली नाही. एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. दुसरा डाव लांबला. शेवटी शार्दूलने पुन्हा मधला किल्ला सोडला आणि पुन्हा तोच जिंकला.

या वेळी तो उभा राहिला नाही.

"कसा जिंकलास?"

तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"वेढ्याला समोर किल्ला लागतो. समोरच्याने तो स्वतःच सोडला, तर वेढा फुकट जातो."

"हे कुणाला माहीत होतं?"

"मला."

"कधीपासून?"

शार्दूलने मान खाली घातली. "...आत्तापासून."

"ऑनलाइन इतके लोक तुझ्यासमोर बसले. त्यांना नाही दिसलं?"

"नाही."

"त्यांच्यात तू नव्हतास."

खाली दुकानात कुणीतरी कापड टर्रकन फाडलं, तेवढाच आवाज.

"आता काय करू?" शार्दूलने विचारलं.

"सगळे पत्ते उघडे मांड. बघू दे सगळ्यांना. कसं हरवायचं तेही शिकव."

"आपा, यातले निम्मे पुण्याला येणारेत. माझ्यासमोर बसतील."

"बसतील."

"मला हरवतील!"

"त्यासाठीच तर येतात रविवारी."

शार्दूलने पत्ते गोळा केले, डबीत कोंबले आणि जिना उतरला. मागून लावण्या धावत आली. तिच्या हातात एक पत्ता होता.

"हा राहिला होता माझ्याकडे."

त्याने पत्ता घेतला. तिच्याकडे न बघताच निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आपा हॉल उघडायला आल्या, तर तो जिन्यात बसलेला. त्यांच्यामागून आत गेला. मधलं टेबल ओढलं. अख्खा डेक त्यावर सरळ मांडला, एकेक पत्ता, चित्र वर करून.

"ज्याला यायचंय त्याने या," तो म्हणाला.

लोक आले. आधी संकोचाने, मग रांग लागली. किल्ला सोडायची युक्ती आता सगळ्यांनाच माहीत होती. शार्दूल हरला. पुन्हा हरला. दुपारपर्यंत तो नुसता हरतच होता.

"काय बे, न हरणारा डेक!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

त्याचे कान लाल झाले. पण त्याने पत्ते गोळा केले, पिसले.

"आणखी एक," तो म्हणाला.

संध्याकाळी लावण्या समोर बसली. त्याला हरवलं. मग तिने आपल्याच डेकमधून एक पत्ता काढून त्याच्यापुढे सरकवला. 'पूल' नावाचा.

"हा घाल. समोरच्याने किल्ला सोडला तरी तुझं सैन्य दुसऱ्या किल्ल्यावर जाईल. अडकून पडणार नाही."

"हा काढलास तर तुझा डेक लंगडा होईल."

"मग तूही काहीतरी दे की."

त्याने दिला. कुणालाच द्यायचा नाही म्हणून ठेवलेला पत्ता दिला. दोघांनी डेक पुन्हा बांधले, एकमेकांचे मोडले, पुन्हा बांधले. पुढचे सगळे रविवार असेच गेले. आपा खिडकीपाशी बसून कव्हरं चढवत राहिल्या.

पुण्यात शार्दूल एकेक फेरी जिंकत उपांत्य सामन्यापर्यंत गेला.

समोरच्या खुर्चीवर लावण्या येऊन बसली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला त्याचा प्रत्येक पत्ता पाठ होता. त्याला तिचा. लपवायला काही नव्हतंच.

तिने किल्ला सोडला. ती सोडणार हे ओळखून त्याने पूल आधीच टाकला होता. तो पूल टाकणार हे ओळखून तिने दुसराही किल्ला सोडला. एकच किल्ला उरवून ती शांत बसली. मग शार्दूलने स्वतःचा वेढाच उठवला. एवढ्या दिवसांत जे कधी केलं नव्हतं, ते केलं. स्पर्धेतून बाद झालेले खेळाडू पाठीमागे येऊन उभे राहिले. पंचही वाकून बघू लागले.

शेवटी दोघांचा एकेक किल्ला उरला. लावण्याने गड्डीतला वरचा पत्ता उचलला. तिला हवा तो निघाला.

शार्दूल हरला.

त्याने हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला. लगेचच अंतिम सामन्याची घोषणा झाली. तिच्यासमोर नागपूरचा एक खेळाडू होता.

शार्दूल भिंतीला टेकून उभा होता. त्याने डोळे पुसले. मग टेबलांमधून वाट काढत लावण्यापाशी गेला.

"सकाळी मी याचा डाव पाहिलाय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "हा भित्रेपणाचं सोंग करतो. डावा किल्ला मुद्दाम उघडा ठेवतो. तिकडे जाऊ नकोस."

ती तिकडे गेली नाही. चांगली खेळली. तरीही हरली.

ऊन उतरलं होतं. सोलापूरची मंडळी स्पर्धेच्या इमारतीबाहेर गाडीची वाट बघत उभी होती. कुणी लावण्याला कोल्ड्रिंक आणून देत होतं, कुणी चुकलेली चाल पुन्हा मांडून दाखवत होतं. आपा जरा लांब, पायरीवर बसल्या होत्या. शार्दूल जाऊन त्यांच्या शेजारी बसला.

"आपा, एक विचारू?"

"विचार."

"मी तेव्हा पत्ते दाखवले नसते, तर आज लावण्याकडून हरलो नसतो."

"नसतास."

"अंतिम सामना मी खेळलो असतो."

"हो."

"कदाचित कप आपल्याकडे आला असता."

"कदाचित."

त्याला वाटलं होतं, आपा नाही म्हणतील. समजूत घालतील. त्याने हातातली डबी उघडली, मिटली.

"मग मला मिळालं काय?"

पलीकडे लावण्या कशावरून तरी मोठ्याने हसली.

"दुपारी तुम्ही दोघं खेळलात, तसा डाव तू याआधी कधी खेळला होतास?"

शार्दूलने आठवून पाहिलं. ऑनलाइन जिंकलेले सगळे डाव आठवले. एकाचाही चेहरा आठवेना.

"नाही," तो म्हणाला.

आपा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर सारखा केला.

"मी पाहिलाही नव्हता."