कुंचला न लावता रंगलेलं गोत

उदाजीराजांनी परत रंग बदलला. काल केशरी होता, आज हिरवा. उद्याचं त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बाळोबा चिताऱ्याने कपाळावर हात मारला. राजघराण्याच्या वंशावळीची पोथी रंगवायचं काम त्याच्याकडे होतं. तिथला रिवाज असा, की राजाचं नाव भडक रंगात, सख्ख्या भावांची नावं त्याच रंगात पण जरा फिकी, चुलतभावांची आणखी फिकी, आणि सोयऱ्यांची इतकी फिकी की कोणीतरी आहे एवढंच कळावं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही नुसत्या रंगावरून समजलं पाहिजे, राजाच्या कोण किती जवळचा. मोठी अक्कल! आता राजाने स्वतःचा रंग बदलला, की सगळं गोत खरडायचं आणि नव्याने रंगवायचं.

"महाराज, एकदाच काय तो रंग ठरवून टाका," बाळोबा हात जोडून म्हणाला.

झालं. राजाला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे, कारण ते शिकायची सवय नव्हती. "मी ठरवू? तूच अशी पोथी कर, की मी कुठलाही रंग म्हणेन आणि सगळं गोत तिथल्या तिथे त्या रंगात येईल, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. कुंचला लावायचा नाही. पुनवेला घेऊन ये. नाहीतर घर खाली कर आणि संस्थानाबाहेर चालता हो."

"घर ऐसपैस आहे त्याचं," राजाचे मेहुणे सर्जेराव म्हणाले. "माझ्या घोड्यांना बरं पडेल." हे गृहस्थ बहिणीच्या लग्नात जेवायला आले होते, ते अजून गेले नव्हते.

बाळोबाची सून सगुणा मागे रंगाची मडकी घेऊन उभी होती. राजासमोर बाईने तोंडावर पदर घ्यायचा असा दंडक. दरबारातल्या शूरांना बाईच्या तोंडाची फार भीती! ती पदराआडून राजाच्या हिरव्या पागोट्याकडे टक लावून बघत होती. मग तिने पदर दुहेरी केला, बघितलं. तिहेरी केला, परत बघितलं.

"मामंजी, घरी चला," ती म्हणाली. "कुंचले राहू देत. जाड कागद काढा आणि पातं परजून द्या."

"आता पात्याने रंग देणार का गं?"

"रंग द्यायचाच नाही म्हणालेत ना?"

पुनवेला दरबार भरला. सर्जेरावांनी घोड्यांसाठी गवताची गाडी आधीच सांगून ठेवलेली. सगुणाने पोथी उघडली. बघतात तर नावं लिहिलेलीच नव्हती, जाड पानातून आरपार कापलेली होती. राजाचं नाव मोकळं. भावांच्या नावांमागे झिरझिरीत पांढऱ्या मलमलीचा एक थर, चुलतभावांच्या मागे दोन, सोयऱ्यांच्या मागे थप्पीच.

"सांगा रंग, महाराज."

"लाल."

तिने पानामागे लाल कापड सरकवलं. राजाचं नाव लालभडक झालं, भाऊ गुलाबी, चुलतभाऊ त्याहून फिके, आणि सोयरे आजारातून उठल्यासारखे.

"निळा. जांभळा." राजा हट्टाला पेटला. शेवटी अंगावरचा मोरपंखी शेला काढून त्याने फेकला. "हा लाव."

शेला लागला. सगळं गोत मोरपंखी, आपापल्या पायरीवर.

"माझं नाव दिसत नाही," सर्जेराव गुरगुरले. "माझ्या मागची मलमल काढ."

"काढते की, सरकार. मग तुमचं नाव आणि महाराजांचं नाव एका रंगात येईल. दोघांतले राजे कोण असं लोकांनी विचारलं, तर काय सांगू?"

राजाने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने छताकडे बघितलं.

"नको नको, असू दे मलमल. छान आहे," सर्जेराव घाईघाईने म्हणाले.

सगुणाने शेला ओढून राजाच्या हातात परत दिला. पानावर नुसती भोकं उरली.

"अरे, मी कुठे गेलो?" राजा दचकला.

"जिथे मेहुणे गेले तिथेच, महाराज. रंग मागून येतो. आणि रंग करणाऱ्यालाच तुम्ही संस्थानाबाहेर घालवणार होतात."

राजा आधी लाल झाला, मग हसत सुटला. पोट धरून हसला. बाळोबाचं घर त्याच्या नावे कायम झालं, सगुणाला ओढ्याकाठचा मळा मिळाला. आणि राजाचं मन फिरेल तेव्हा पानामागची कापडं बदलायची नोकरी सर्जेरावांना लागली. बिनपगारी.